विमान म्हणालं, अक्कलकोट

सोलापुरात येऊन मला बरीच वर्षं झाली, आणि उत्तर नेमकी कुठं आहे हे मला अजून छातीठोक सांगता येत नाही. आमच्या घरच्या विमानाला ते सांगायची जबाबदारी मात्र माझ्यावर होती.

('घरच्या विमानाला' हे चुकून लिहिलेलं नाही. कुणाच्या घरी म्हैस असते, कुणाच्या घरी ट्रॅक्टर असतो. आमच्याकडे विमान होतं.)

मी मूळचा देवगडाकडचा. आमच्याकडे दिशा शिकाव्या लागत नाहीत. समुद्र दिसला की पश्चिम, डोंगर दिसला की पूर्व, आणि उरलेल्या दोन दिशांना लग्नकार्याशिवाय फारसं कुणी जात नाही. सोलापुरात उतरलो तर चारी बाजूंना एकच दिशा होती, सपाट! शाळा मी आठवीत सोडलेली, त्यामुळे भूगोलाचा आधार नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या एका ठेकेदारानं मला इकडं आणलं, आणि इमारतीच्या अर्ध्या खिडक्या बसल्यावर तो कुठंतरी निघून गेला. कुठल्या दिशेला, ते अर्थातच मला कळलं नाही.

अशा वेळी अंगात ताप घेऊन मी एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडबाहेर बसलो होतो. शेडचे मालक बाहेर आले. मला वाटलं, हाकलणार. ते म्हणाले, "हितं का बसलाय? आत खाट हाय की." त्यांच्या बायकोनं पेज करून आणली. कोकणातल्या माणसाला पेज लागते हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. तीन दिवसांनी ताप उतरला, पण मी काही गेलो नाही. पुढे त्यांनी मला खोली दिली, काम दिलं आणि सरतेशेवटी मुलगीही दिली. ते माझे सासरे, म्हणजे मामा. आणि त्या माझ्या सासूबाई, म्हणजे मामी.

एवढे उपकार झाल्यावर माणसाला 'नाही' म्हणायची सोय राहत नाही. मी त्या घरात कुणालाही कशालाही नाही म्हटलेलं नाही. पुढचा सगळा घोटाळा ह्या एका सवयीतून झाला.

मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, नाहीतर राजकारणात जातात. मामांनी परदेशातून नकाशे मागवले आणि यंत्रमाग विकून मोकळ्या झालेल्या शेडमध्ये दोन माणसं बसतील असं ॲल्युमिनियमचं विमान करायला घेतलं. रिव्हेट मारायला मी होतोच. खिडकी काय आणि विमान काय, पत्र्याला काय कळतं! (आईला मी फोनवर सांगितलं, सासरे विमान करतायत. ती म्हणाली, "म्हणजे खेळातला मां रे?")

गल्लीतली माणसं शेडवरून जाताना आत डोकावायची.

"काय मामा, इमान अंडी कवा घालतंय?"

"घालंल की," मामा मान वर न करता म्हणायचे. "तुज्याच पत्र्यावर घालंल पयलं."

असं ते बोलायचे खरे, पण मला दिसायचं की दर वर्षी त्या प्रश्नावर मान जरा जास्तच खाली जायची. कारण विमान जवळजवळ पुरं झालेलं होतं आणि ते चालवणारा कुणी नव्हता. मामांचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे, त्यात वय झालेलं. ते स्वतः उडणार नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त ते जमिनीवरून सुटलेलं बघायचं होतं.

पुण्यात एक निवृत्त कॅप्टन राहायचे. मामांनी कुणाकुणाच्या ओळखी काढून त्यांना गाठलं. परवानग्या कशा काढायच्या, तपासण्या कुणाकडून करून घ्यायच्या, ते सगळं त्यांना माहीत. त्यांनी फोनवर एकच सांगितलं, "मी एकदा येऊन बघतो. बाकी काही बघणार नाही, दिशा सांगणारा सेन्सर कसा बसवलाय तेवढं बघीन. ज्यानं ते बारीक काम नीट केलंय त्यानं बाकीचंही नीट केलेलं असतं. बरोबर असेल तर हे विमान मी हातात घेतो. नसेल तर माफ करा, पुन्हा फोन करू नका."

मामांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, ते काम तुमी करायचं."

मी म्हटलं, "हो."

(उत्तर कुठं आहे हे माहीत नसलेला माणूस 'हो' म्हणाला! त्यानंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.)

आता हा सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी एक काळी डबी. पृथ्वीचं चुंबक ओळखून विमानाचं तोंड कुठं आहे ते ती समोरच्या पडद्यावर दाखवते. तिच्या अटी नव्या नवरीपेक्षा जास्त. जवळ लोखंड चालत नाही. विजेची जाड वायर चालत नाही. विमानाच्या नाकाशी रेघ सरळ पाहिजे, वाकडं बसलेलं चालत नाही. म्हणून मी तिला इंजिनापासून लांब, सामान ठेवायच्या जागेच्या मागं, शेपटीकडच्या पोकळीत ॲल्युमिनियमची छोटी फळी करून बसवायचं ठरवलं. आणि स्क्रू पितळेचे.

बाजारातून पितळेचे स्क्रू आणले. माझा मेहुणा दत्ता टेम्पो चालवतो, त्यानं जुन्या स्पीकरचं चुंबक काढून लावून बघितलं. सगळे स्क्रू टपाटप चिकटले!

"दाजी, वरनं पितळ, आतनं लोखंड. मानसासारखंच हाय की."

खरं पितळ आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं, मामींच्या देव्हाऱ्याच्या बिजागरीत. मी विचारायच्या आधीच मामींनी देवांना हात जोडले आणि स्वतः स्क्रू काढून दिले. देव्हाऱ्याचं दार सुतळीनं बांधलं. म्हणाल्या, "देवाला कुटं उडून जायचंय?"

इतकी काळजी घेऊन मी ती डबी बसवली, की तितकी मी आमच्या लग्नात मंगळसूत्र घालतानाही घेतली नसेल. झालं. आता तिला दिशा शिकवायची होती. त्याची रीत अशी की विमान उघड्यावर न्यायचं, आसपास लोखंड नको, आणि सावकाश गोल फिरवायचं. एक पूर्ण गिरकी. तेवढ्या वेळात डबी आपल्या आसपास काय काय आहे ते हेरते, त्याचा हिशेब मनाशी धरते आणि मग उत्तर ओळखते. शेडचं छप्पर लोखंडी तुळयांचं, म्हणून विमान मागच्या माळावर काढलं. गल्लीतली चार माणसं पंखाला लागली. मामींनी विमानाला कुंकू लावलं. मामा पडद्यासमोर बसले.

आणि पडदा विझला.

डबीच्या वायरीची पिन सैल होती. दाबून धरली की पडदा लागायचा, सोडली की विझायचा. नवी पिन पुण्याहून यायला आठवडा, आणि कॅप्टन येणार दोन दिवसांवरच्या रविवारी.

"कुनीतरी आत जाऊन पिन धरून बसाया पायजे," मामा म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगापिंडानं मी तसा पंचांगात ठेवायच्या खुणेच्या पट्टीएवढा. मी म्हटलं, "हो."

सामानाच्या जागेतून मी आत सरकलो आणि कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन, त्या डबीला वेटाळून पडलो. लेकरू पोटाशी घेऊन आई निजते ना, तसा. एका हातानं पिन दाबली. बाहेरून दत्ता ओरडला, "धरलं का दाजी?" मी म्हटलं, "धरलं!" आणि विमान फिरायला लागलं.

सोलापूरचा चैत्र, वर पत्रा, आत मी. भाकरी भाजायला तव्यावर टाकल्यावर तिला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मध्येच मामींचा आवाज आला.

"जावईबापू, ताक देऊ का?"

"तांब्या नको!" मामा आतून गरजले. "लोखंड न्हेऊ नका तितं!"

"तांब्या स्टीलचा हाय वो!"

"तेबी नको!"

मग मामींनी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा मग घासून आणला आणि त्यातून मला ताक पाजलं. मी झोपून प्यायलो. अर्धं नाकात गेलं. पण पिन सोडली नाही. (हे मी आजही अभिमानानं सांगतो. अभिमानानं सांगण्यासारखं ह्या गोष्टीत एवढंच आहे.)

गिरकी पूर्ण झाली. पडद्यावर हिरवी खूण आली. मामांनी टाळी वाजवली, म्हणाले, "शिकलं! लेकरू शिकलं!" मी बाहेर आलो तेव्हा घामानं असा भिजलो होतो की सुवर्णानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला ओळखलं ते चपलेवरून. त्यानंतर मी पिनेला थोडी टाचणी, सॉरी, टाचणी नव्हे (टाचणी लोखंडाची!), काडीचा तुकडा ठोकून ती घट्ट केली. सगळं नीट झालं म्हणून आम्ही विमान झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी कॅप्टन आले. उंच, पांढऱ्या मिशा, कमी बोलणारे. मामींनी त्यांना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही दिलं. गाडी चालवून कंबर धरली असं ते सहज बोलले. मामींचे डोळे चमकले, पण ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही. माझं सगळं लक्ष शेपटीतल्या त्या डबीत होतं.

माळावर विमान काढलं. कॅप्टननी खिशातून स्वतःचं होकायंत्र काढलं, लांब जाऊन, हात ताणून दिशा बघितली आणि विमानाचं नाक बरोबर मोडनिंब गावाच्या अंगाला करायला लावलं. मग ते आत डोकावले.

एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा हातातल्या होकायंत्राकडे.

"हे काय दाखवतंय?" कॅप्टन म्हणाले.

मामांनी चष्मा पुसला. पडद्याकडे बघितलं. पुन्हा पुसला. त्यांना इथली प्रत्येक दिशा गावाच्या नावानं पाठ. हळूच म्हणाले, "अक्कलकोट."

म्हणजे विमानाचं तोंड मोडनिंबकडं आणि विमान म्हणतंय अक्कलकोट! बरोबर पाठीमागं!

"फिरवा," कॅप्टन म्हणाले.

टेंभुर्णी, मोडनिंब असली गावं ज्या अंगाला ती बाजू सोडून विमान उजवीकडं फिरवलं. अक्कलकोट. पूर्वेला नेलं. अक्कलकोट. पार उलटं केलं, खरंच अक्कलकोटकडं. अक्कलकोट! ("आत्ता बरोबर हाय!" दत्ता आनंदानं ओरडला.)

मामींनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "स्वामींचं बोलावनं हाय. नवी गाडी घेतली की आदी अक्कलकोटला न्हेत्यात. आपन न्हेलं न्हाय. त्येला बी कळतंय."

"अगं, त्येला पंखंबी नीट लावलं न्हाईत अजून!"

"म्हनून तर बोलावत्यात!"

जमलेल्या माणसांत दोघातिघांनी विमानाला हात जोडले. एकानं नारळ आणू का विचारलं. कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांच्या हातातला चष्मा तसाच लोंबत होता. इतक्या वर्षांचं काम, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं ठरणार ती एक गोष्ट माझ्या हातची होती.

"पिन सैल झाली असेल," मी म्हटलं. "मी आत जाऊन बघतो."

आत सरकलो. डबीला वेटाळून पडलो. पिन चाचपली. घट्ट होती.

बाहेरून एकदम मामांचा आवाज आला. "आलं! आलं की! मोडनिंब! मोडनिंब दाखवतंय!"

"फिरवा," कॅप्टन म्हणाले. फिरवलं. सगळं बरोबर! जिकडं नाक तिकडं दिशा. मला इतका आनंद झाला की मी धडपडत बाहेर आलो.

"अक्कलकोट," मामा म्हणाले.

पुन्हा आत गेलो. मोडनिंब. बाहेर आलो. अक्कलकोट. आत, मोडनिंब. बाहेर, अक्कलकोट. माळावर माणसं वाढायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "ह्यो मानूस हाय का बटन हाय?"

कॅप्टन आता खरोखर विचारात पडले. "तुमच्या अंगावर लोखंडाचं काय आहे?"

मी सगळं काढलं. किल्ल्या काढल्या, टेस्टर काढला, मोबाईल काढला. बोटातली शनीची अंगठी काढली. (साडेसाती चालू होती; अंगठी काढल्या क्षणी ती दुप्पट झाल्यासारखं वाटलं.) पॅंटचा पट्टा काढला, त्याला बक्कल होतं. पॅंट सुतळीनं बांधली. आत गेलो. मोडनिंब!

"दुसऱ्या माणसाला पाठवा," कॅप्टन म्हणाले.

दत्ता कसाबसा अर्धा आत गेला. अक्कलकोट. गल्लीतला एक किडकिडीत माणूस गेला. अक्कलकोट. मी गेलो. मोडनिंब.

माणसं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. त्या म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"मला चाळीस वर्षांत असं कधी दिसलं नाही," कॅप्टन म्हणाले. मग ते जरा थट्टेनं, पण चेहरा न हलवता म्हणाले, "आता एकच उपाय. हे गृहस्थ शेपटीत बसलेले असले तरच विमान उडवायचं."

थट्टा करायची तर ती कुणापुढं करायची हे कळलं पाहिजे. आमच्या घरात ती कुणाला कळत नाही. मामा गंभीरपणे खाली बसले आणि काडीनं मातीत रेघा ओढायला लागले.

"जावयाचं वजन कमी हाय," ते स्वतःशी म्हणाले. "शेपूट थोडी जड हुईल. फुडं बॅटरी सरकवली तर जमंल."

"माजा जावई शेपटीत?" मामी कडाडल्या. "पावनं-रावळं काय म्हनतील? मानाचा जावई न्हेला आनि सामानात घातला!"

"सामानाच्या मागं," मामांनी दुरुस्ती केली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला विमानाचीच काय, एसटीत मागच्या सीटचीही भीती वाटते. उंच जिन्यावर मी भिंतीला धरून चढतो. पण मामांच्या त्या माझ्याकडे वळलेल्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, आणि समोर ती खाट, ती पेज, सगळं आठवलं.

"हो," मी म्हटलं. "बसतो की. फक्त उडायच्या आधी सांगा."

तेव्हा सुवर्णा पुढं आली. आतापर्यंत ती शेडच्या दारात उभी होती, ताकाचा मग हातात घेऊन. तिनं माझ्या सुतळीच्या गाठीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि कपाळावर हात मारला.

"अवं, आईचा पट्टा काडला का?"

मी म्हटलं, "कुठला पट्टा?"

"बनियनच्या आतला!"

इथं जरा थांबून सांगावं लागेल. काही महिन्यांपूर्वी शहरात एका हॉलमध्ये खड्यांचे पट्टे कमरेला बांधून आजार बरे करायचा कार्यक्रम चालला होता. मामी रोज जायच्या, आणि शेवटी त्यांनी पट्टे विकायलाच घेतले. गल्लीत बायका म्हणायच्या, "फसवलं तुमाला, नुसतं दगडगोटं हायती." मामी मनातून खचल्या होत्या. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, तुमची पाठ दुकती का वो?" माझी पाठ दुखत नव्हती. पण त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की मी म्हटलं, "हो, दुखते." त्यांनी स्वतःच्या हातानं मला पट्टा बांधला. त्या दिवसापासून तो माझ्या कमरेला होता. अंघोळीपुरता काढायचा आणि पुन्हा बांधायचा. त्यात चुंबकाचे खडे आहेत असं मामी म्हणायच्या, पण गल्लीसारखंच मीही ते दगडगोटेच समजत होतो. अंगाला इतका बसला होता की तो 'अंगावरची वस्तू' आहे हेच मी विसरलो होतो. स्वतःच्या मिशा कुणी खिशातून काढून ठेवतं का?

कॅप्टननी पट्टा हातात घेतला. खिशातलं होकायंत्र जवळ आणलं. त्याचा काटा गरागरा फिरला आणि पट्ट्याकडे तोंड करून नमस्कार केल्यासारखा थांबला.

सगळं कोडं सुटलं. डबीला दिशा शिकवताना मी तिला पोटाशी धरून पडलो होतो. तिनं माझ्या कमरेचं चुंबक विमानाचाच भाग समजून हिशेबात धरलं होतं. मी असलो की हिशेब बरोबर. मी नसलो की ती बिचारी नसलेलं चुंबक वजा करत बसायची, आणि उत्तर निघायचं अक्कलकोट.

सगळे मामींकडे बघायला लागले. मला वाटलं, आता त्या रडतील. त्यांच्या पट्ट्यामुळे त्यांच्याच नवऱ्याचं विमान भरकटलं! मी घाईनं म्हटलं, "मामी, चूक माझी आहे, मीच—"

मामींनी मला बाजूला सारलं. त्या कॅप्टनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, म्हंजे हे चुंबक खरं हाय?"

"खरं?" कॅप्टन म्हणाले. "ताई, एवढं खरं चुंबक विमानाच्या आसपास पहिल्यांदाच बघतोय."

मामी गर्रकन वळल्या. "ऐकलं का गं रुक्मे! दगडगोटं म्हनत हुतीस न्हवं! आता इमानानं सांगितलं! पुन्याच्या सायबानं सांगितलं!"

गल्लीतल्या रुक्मीबाई मागच्या मागं दोन पावलं सरल्या. मामींच्या चेहऱ्यावरचं तेज बघून मला बरंच वाटलं. इतक्यात कॅप्टन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, शर्टाच्या आत हात घातला आणि कमरेचा एक पट्टा काढून दत्ताच्या हातात दिला. (नाश्त्यानंतर मामींनी बांधला होता. पुण्याच्या माणसालाही त्यांना नाही म्हणता आलं नाही, तिथं माझी काय कथा!)

त्यानंतर जे झालं त्यानं मात्र माळ हसून लोळला. मामा, जे घरात रोज त्या पट्ट्यांना "फालतू धंदा" म्हणायचे, ते हळूच विमानाच्या पलीकडं गेले आणि तिकडून त्यांचा हात वर आला. हातात पट्टा.

"गुडग्यासाटी," ते म्हणाले. "सहज बांदला हुता."

मामींनी तो पट्टा घेतला आणि काहीही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचं ओझं मामा अजून वाहतायत.

मग सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. कॅप्टननी माझी काडी काढली, आणि पिनेला कथलाचा डाख देऊन ती पक्की केली, म्हणजे आत कुणी बसायला नको. माणसांच्या किल्ल्या, मोबाईल, पोरांच्या हातातली कडी सगळं गोळा करून एका टोपलीत भरलं. विमान गोल फिरवलं. मग कॅप्टननी नाक मोडनिंबकडं केलं.

मामा पडद्यासमोर गेले नाहीत. ते चाकाजवळ उभे होते, हात पंखावर ठेवून, डोळे मिटून.

"मोडनिंब," कॅप्टन म्हणाले. आणि प्रत्येक दिशेला फिरवून प्रत्येक वेळी बरोबर आल्यावर ते मामांकडे आले. "काम स्वच्छ आहे. रिव्हेट बघितले मी. कागदपत्रं सुरू करा. मी येतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्या दिवशी मी खाटेवर तापानं पडलो असताना ठेवला होता तसाच. तिथं सगळ्यांसमोर मला रडू आलं आणि मी ते ताक नाकात गेल्यामुळे आलं असं सांगितलं. (ताक दोन दिवसांपूर्वीचं होतं, पण कुणी हटकलं नाही.)

कॅप्टननी एक अट घातली. "पुढच्या वेळी येईन तेव्हा हे गृहस्थ विमानापासून लांब पाहिजेत. पट्टा असो वा नसो. मला ह्यांचा भरवसा नाही." मामांनी अट तंतोतंत मानली. त्यांनी विमानाभोवती चुन्याच्या फक्कीनं मोठं रिंगण आखलं आणि मला बाहेर उभं केलं.

काही महिन्यांनी विमान पहिल्यांदा माळावर पळवायचं ठरलं. उडवायचं नव्हतं, नुसतं पळवायचं, चाकं आणि सुकाणू बघायला. सगळी गल्ली रिंगणाच्या एका कडेला उभी. मामा सगळ्यांत पुढं. मी मात्र पार तिकडं, ज्वारीच्या बांधावर, एकटा. इंजिन सुरू झालं. धूळ उठली. विमान सरळ रेघेत धावत गेलं, आणि एका जागी शेपूट जमिनीवरून हातभर उचलली गेली. माणसं ओरडली. लांबूनही मला दिसलं की मामा खाली बसलेत आणि दोन्ही हात तोंडावर धरलेत, आणि मामी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतायत.

बांधावरून जाणारा एक अनोळखी माणूस माझ्यापाशी थांबला. विमानाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी त्या घरचं का?"

"जावई."

"आनि हितं इतक्या लांब हुबं? भ्यालासा व्हय?"

त्याला सगळं सांगायचं तर संध्याकाळ झाली असती. शिवाय मी कुणाला नाही म्हणत नाही. मी म्हटलं, "व्हय."

तो हसत निघून गेला. आणि खरं सांगायचं तर, तो काही चुकला नव्हता.